वर्गातला एक जण गेल्यावर

शाळेतला सोबती वारला की एका ठराविक वयाचा साक्षीदार जातो. माणसाचे घरातले वागणे भावंडांना माहीत असते, संसारातले जोडीदाराला, कामातले सहकाऱ्यांना. दहा ते सोळा या वयात घराबाहेर तो कसा होता, कोणत्या बाकावर बसे, कोणत्या मास्तरांची नक्कल करी, कशाला घाबरे, हे मात्र वर्गातल्या तीस-चाळीस जणांनाच ठाऊक असते. या मुलांनी एकमेकांना निवडलेले नसते. जन्मसाल आणि घरापासून शाळेचे अंतर या दोनच गोष्टींनी ती एका खोलीत आलेली असतात. मैत्री झाली तर पुढे होते, काहींशी तर दहा वर्षांत दहा वाक्येही बोलणे झालेले नसते. तरी त्यातला कोणी गेल्याची बातमी येते तेव्हा सगळी तुकडी हलते. कर्जत-खालापूरसारख्या भागात ही बातमी पूर्वी स्टेशनवर कळायची, आता बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळते.

या दुःखाला रूढीत ठळक जागा नाही. सुतक भाऊबंदांना, मित्राला नाही. उल्हासच्या किंवा पाताळगंगेच्या काठी दहाव्याला जमलेल्या माणसांत सोयरे-भाऊबंद पुढे असतात. वर्गातले चार-पाच जण मागे झाडाखाली उभे राहतात, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहतात आणि निघताना घरच्यांना नमस्कार करून पुढची गाडी धरतात. जुन्या ग्रंथांनी मात्र या नात्याची दखल घेतली होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सहाध्यायी वारल्यास एका दिवसाचे अशौच सांगितले आहे. पितृपक्षातल्या महालय श्राद्धात ज्यांच्या नावाने पिंड द्यायचे त्या यादीत आईवडिलांच्या कुळांनंतर गुरू, शिष्य आणि मित्र यांचाही उल्लेख येतो. अर्थात तो सहाध्यायी म्हणजे वेदपाठशाळेतला. ज्या शाळेत शूद्रांना आणि मुलींना प्रवेशच नव्हता तिथल्या सोबत्याला मिळालेला हा मान आहे, हे विसरून चालत नाही. ठाकर, कातकरी, आगरी, मराठा, बौद्ध, मुसलमान अशी सगळी पोरे एका बाकावर बसतात तो वर्ग अलीकडचा आहे, आणि त्याच्यासाठी कोणत्याच शास्त्राने दिवस नेमून दिलेला नाही.

समाज ज्या शोकाला शोक मानत नाही, त्याचा अभ्यास अमेरिकी संशोधक केनेथ डोका यांनी केला. १९८९ साली त्यांनी या विषयावरचे पुस्तक संपादित केले. ज्याला रजा मिळत नाही, ज्याचे सांत्वन करायला कोणी येत नाही, ज्याला ‘तुझा तो कोण लागत होता?’ असे विचारले जाते, त्याचे दुःख आतल्या आत साचून राहते, असा त्यांच्या मांडणीचा सारांश. वर्गमित्राच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. तीस वर्षांत भेट नाही, फोन नाही, मग एवढे वाईट का वाटावे? हे घरच्यांनाच काय, ज्याला वाईट वाटते त्यालाही उलगडत नाही.

याचे उत्तर बरेचसे स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले, तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. मानसशास्त्रज्ञांना हा फुगवटा निरनिराळ्या देशांत आढळला आहे. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी पक्क्या बसतात आणि या वयात जवळजवळ सगळेच पहिल्यांदा घडते. एकट्याने केलेला पहिला रेल्वेप्रवास, पहिला नापासाचा शेरा, पहिले प्रेम, पहिली चोरून ओढलेली विडी. त्यातल्या बहुतेक गोष्टींना वर्गातले कोणी ना कोणी हजर असते.

वर्गसोबत्यांच्या स्मरणाचा थेट अभ्यासही झालेला आहे. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली १७ ते ७४ वयाच्या ३९२ जणांची परीक्षा घेतली. त्यांच्या शाळेची छायाचित्रांची वार्षिक पुस्तिका हे परीक्षेचे साधन होते. ‘वर्गातल्यांची नावे आठवून सांगा’ म्हटल्यावर शाळा सोडून पंधरा वर्षे झालेल्यांना साधारण ६० टक्के, तर ४८ वर्षे झालेल्यांना सुमारे ३० टक्के नावे सांगता आली. चेहरे किंवा नावे समोर ठेवून ओळखायला सांगितल्यावर चित्र बदलले. पंधरा वर्षांपर्यंत जवळपास ९० टक्के ओळख पटली आणि ४८ वर्षांनंतरही नावांची ओळख ८० टक्क्यांच्या आसपास टिकून होती. म्हणजे वर्ग विसरलेला नसतो, वर काढायला धागा लागतो. ‘आमच्या वेळचे काही आठवत नाही’ म्हणणाऱ्या माणसापुढे दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो ठेवला की तो रांगेने नावे सांगू लागतो. आधी टोपणनाव येते, मग आडनाव, खरे नाव सगळ्यात शेवटी.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत असे धागे भरपूर आहेत, कारण इथे शाळेला जाणे हाच एक उद्योग होता. खोपोलीपर्यंत रूळ १८५६ साली आले, बोरघाटातून गाडी जायच्या सात वर्षे आधी. पुढे घाटाचा मार्ग पळसदरीवरून वर गेला आणि खोपोलीची वाट फाट्यावर राहिली. कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली ही पंधरा किलोमीटरची एकेरी वाट कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचे वेळापत्रक ठरवत आली. गाडी चुकली तर पुढची बऱ्याच वेळाने, म्हणजे पहिला तास बुडालाच. त्यामुळे कोण कोणासाठी दारात पाय अडवून उभा राहिला, कोणी धावत येऊन दप्तर आधी आत फेकले, ही आठवण इथल्या प्रत्येक तुकडीत सापडते. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला मागून बँकर इंजिने लागतात आणि तेवढ्या थांब्यावर इथला बटाटावडा नावारूपाला आला. त्या वड्याची वर्गणी काढून वाटणी करणारी पोरे पुढे पन्नाशीत पोहोचली तरी कोणाचा वाटा कोणी खाल्ला याचा हिशेब मिटलेला नसतो.

पावसाचा वाटा वेगळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर वर्गात ओल्या कपड्यांचा वास असतो. ओढ्याला पाणी आले की वाडी-पाड्यावरच्या मुलांना सुट्टी मिळे आणि गावातल्यांना त्यांचा हेवा वाटे. आवणीच्या दिवसांत पट रिकामा होई. चिखलणी करून थेट शाळेत आलेल्या मुलाच्या पोटऱ्यांवर सुकलेला चिखल दिसे, त्यावरून कोणी हसले की मारामारी होई. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे आणि नदी. इथल्या नद्यांची गंमत अशी की ऐन मे महिन्यातही त्यांना पाणी असते. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी टाटांच्या खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) या वीजकेंद्रांच्या टर्बाइनांमधून खाली येते आणि पाताळगंगेला व उल्हासला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या चैतातच आटतात, तेव्हा इथली पोरे डुंबत असतात. पोहायला कोणी शिकवले हा प्रश्न इथल्या साठीतल्या माणसाला विचारला तर उत्तरात वडिलांपेक्षा वर्गातल्या एखाद्या दांडगटाचे नाव निघण्याचीच शक्यता जास्त. त्याच पाण्याने काही नावे पटावरून कायमची काढलीही आहेत.

एखाद्या वर्गमित्राची आठवण काढायची तर कामाला येतात ते हे तपशील. तरी शोकसभेत नेमके तेच गळतात. ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘दिलदार’, ‘मित्रांसाठी धावून जाणारा’ ही विशेषणे नाक्यावरच्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून भाषणात आणि भाषणातून फ्लेक्सवर फिरत राहतात. ती खोटी नसतात, पण ती कोणालाही लागू पडतात. गेलेल्या माणसाच्या मुलीला वडील दिलदार होते हे माहीतच असते. आठवीत असताना ते केळवलीच्या फलाटावर चिंचा विकून गॅदरिंगची वर्गणी भरत, असे कोणी सांगितले तर तिला वडिलांचा एक अनोळखी तुकडा मिळतो. घरच्यांना देण्यासारखी दुसरी कोणतीही गोष्ट वर्गाकडे नसते. आर्थिक मदत इतरही करतात.

आठवणी गोळा करतानाही एक अडचण येते. चार जण एकत्र बसले की जास्त आठवेल असे वाटते, पण प्रयोगांत उलटे दिसले आहे. एकत्र बसून आठवणाऱ्या गटाची बेरीज, तेवढ्याच माणसांनी एकेकट्याने आठवलेल्या गोष्टींच्या बेरजेपेक्षा कमी भरते. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांनी हे स्पष्ट केले आणि पुढे ते अनेकदा पडताळले गेले. एक जण बोलू लागला की बाकीच्यांच्या मनातला क्रम मोडतो. वर्गात पूर्वी जो मोठ्याने बोलायचा तोच चाळीस वर्षांनीही आधी बोलतो, हे सांगायला मात्र प्रयोग लागत नाही. त्याने सांगितलेली हकिगत इतरांच्या आठवणीत शिरते आणि वर्षभराने जो त्या दिवशी गैरहजर होता तोही ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो. माणूस आठवतो तेव्हा ठेवलेली वस्तू काढत नाही, ती नव्याने घडवतो, हे केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवून दिले होते.

म्हणून जाणत्या तुकड्या वेगळा क्रम धरतात. आधी प्रत्येकाने एकट्याने, घरी बसून, कागदावर दोन-तीन प्रसंग लिहायचे. कोणते साल, कोणती तुकडी, कोणते मास्तर, कोण हजर होते, एवढे आलेच पाहिजे. मग एकत्र बसून वाचायचे. तेव्हा एकाच्या कागदाने दुसऱ्याला सुटलेला दुवा सापडतो आणि चुका दुरुस्त होतात. गॅदरिंगच्या नाटकात आवाज कोणाचा फुटला यावर वाद झाला तर दोन्ही मते लिहून ठेवावीत. वाद मिटवण्याची घाई नसते. लिहायचा कंटाळा असणाऱ्याचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेता येते. जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकड्या १९७० च्या दशकाच्या मध्यात बाहेर पडल्या, त्यातली मंडळी आता पासष्टी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याकडे हे काम फार लांबणीवर टाकता येणार नाही.

आठवणीत गेलेल्याचे दोष यावेत की नाहीत, हा नाजूक भाग. मराठीत याचे सगळ्यात मोठे उदाहरण टिळक आणि आगरकर यांचे. दोघे १८५६ च्या जुलैत जन्मले, नऊ दिवसांच्या अंतराने. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, टिळक रत्नागिरीचे. डेक्कन कॉलेजात ते एकत्र आले आणि तिथल्या रात्री-रात्रीच्या चर्चांत सरकारी नोकरी न करता शाळा काढायचे ठरले. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथून सुटल्यावर पाच वर्षांत आधी समाजसुधारणा की आधी राजकारण यावरून दोघांत इतके फाटले की आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. पुढची सात वर्षे दोघे एकमेकांवर जहाल लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी स्वतः सांगून लिहवला आणि तो सांगताना त्यांना वारंवार रडू येत होते, चार ओळींचे काम तासन्‌तास चालले, अशी हकिगत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. भांडण झाले नव्हते असे टिळकांनी भासवले नाही. पण भांडणाच्या आधीचा आगरकर पाहिलेल्या मोजक्या माणसांपैकी ते एक होते आणि ते रडू त्या आगरकरासाठी होते. वर्गमित्राबद्दल लिहिताना हाच धडा घ्यावा. त्याचे दारू पिणे, उधारी बुडवणे, भाऊबंदकी हे सगळे गावाला माहीत असते. ते शोकसभेत उगाळायचे कारण नाही आणि तो संत होता असे सांगण्याचेही नाही.

साक्षीदार वेळेवर गाठले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण कर्जत तालुक्यातच आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल, माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. पुण्यात शिकून वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत काम केले, शेतकऱ्या-आदिवासींसाठी शाळा आणि धान्यकोठ्या उभारल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. भाईंचे वय तीस. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर अभिवादनाला लोक जमतात, त्यांच्यावर पुस्तके आहेत, चित्रपटही आला. क्रांतिकारकाची नोंद सरकारी दप्तराने, खटल्याच्या कागदांनी आणि सहकाऱ्यांच्या साक्षींनी ठेवली. माथेरानच्या शाळेत पाटी घेऊन बसणारा विठ्ठल कोणाच्या शेजारी बसे, त्याला कशाचे हसू येई, हे सांगणारे आज कोणी हयात असणे शक्य नाही. एवढ्या मोठ्या माणसाचे बालपण चार ओळींत आटोपते. सामान्य माणसाच्या बालपणाला तर एक ओळही मिळत नाही.

बॅचची आठवण कोणाला वगळते, हेही पाहायला हवे. पहिला वगळला जाणारा गट मुलींचा. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदललेले असते, माहेरच्या गावी येणे-जाणे आईवडील असेपर्यंत. मुलांचे ग्रुप २०१५ च्या आसपास भराभर झाले, वर्गातल्या मुली त्यात उशिरा आल्या आणि सगळ्या आल्याच नाहीत. त्यामुळे वर्गातली एखादी जण वारल्याची बातमी दोन-तीन वर्षांनी, कुणाच्या तरी लग्नात, ओझरती कळते. तेव्हा शोकसभेची वेळ निघून गेलेली असते. तिच्या सासरी तर ती शाळेत खो-खोची कप्तान होती हे कोणाला माहीतही नसते.

दुसरा गट त्याहून मोठा. ‘दहावीची बॅच’ म्हणजे दहावीच्या फोटोत असलेले. पण पहिलीच्या पटावर जी नावे होती त्यातली कित्येक सातवीच्या आतच गळलेली असतात. या दोन्ही तालुक्यांत कातकरी वस्ती मोठी आहे. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. पटावर नाव राहते, हजेरीच्या चौकोनांत गैरहजेरीच्या खुणा पडत जातात आणि एका वर्षी नाव येणेच बंद होते. चौथीपर्यंत शेजारी बसलेला, गलोलीने अचूक नेम मारणारा, माशांना कोणत्या डोहात गळ टाकायचा ते दाखवणारा मुलगा असा हातातून सुटतो. तो पुढे चाळिशीत वारला तर ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत नाही, कारण तो ग्रुपवर कधी नव्हताच. इथल्या शाळेच्या आठवणींत नदी, रान आणि रानमेवा इतका येतो, आणि ते रान ज्यांनी दाखवले त्यांची नावे येत नाहीत, ही या स्नेहमेळाव्यांची सगळ्यात मोठी उणीव म्हटली पाहिजे.

शाळेत असतानाच सोबती गेला तर गोष्ट वेगळी होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. या ठाकर वाडीतली काही मुले त्या रात्री निवासी आश्रमशाळांत होती म्हणून वाचली. घर, आईबाप, धाकटी भावंडे आणि वाडीतले सवंगडी एका रात्रीत गेलेली ही मुले ज्या वर्गात परतली तिथल्या इतर मुलांना काय सांगायचे, असा प्रश्न शिक्षकांपुढे येतो. एरवीही या भागात सर्पदंश, धबधब्यावरचे अपघात आणि द्रुतगती महामार्ग यांमुळे तो प्रश्न कुठल्याही शाळेपुढे केव्हाही उभा राहू शकतो.

अशा वेळी ‘देवाघरी गेला’, ‘झोपला’, ‘लांब गेला’ असे बोलू नये, असे बालमानसशास्त्र सांगते. लहान मुलांना मरण कायमचे असते हे पुरते उमगलेले नसते, ती ‘परत कधी येणार?’ म्हणून वाट पाहतात किंवा झोपायलाच घाबरतात. ‘तो मेला, आता परत येणार नाही, आणि यात तुमच्यापैकी कोणाची चूक नाही’ हे तीन भाग शांतपणे आणि सोप्या शब्दांत सांगावे लागतात. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आदल्या दिवशी त्याच्याशी कट्टी केलेले एखादे पोर वर्गात असतेच आणि ते मनातल्या मनात स्वतःला दोषी धरून बसते. रिकामा बाक दुसऱ्याच दिवशी हलवू नये, हजेरी घेताना त्याचा क्रमांक आल्यावर गडबडीने पुढे जाऊ नये. बाकाचे काय करायचे ते काही दिवसांनी वर्गालाच विचारावे. आत्महत्या झाली असेल तर त्या कृतीचे वर्णन आणि गौरव दोन्ही टाळावेत आणि खचलेल्या मुलांवर लक्ष ठेवावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मोठेपणी गेलेल्या सोबत्याच्या नावाने बहुतेक तुकड्या बक्षीस ठेवतात. पाच हजारांची ठेव शाळेकडे द्यायची आणि व्याजातून दहावीत पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक. सहा टक्क्यांनी वर्षाला तीनशे रुपये येतात. आज त्यात एक बरा शब्दकोश येतो, वीस वर्षांनी वही-पेनही येणार नाही. बक्षीस देतानाच्या निवेदनात फक्त ‘कै.’ लावलेले नाव वाचले जाते आणि घेणाऱ्या मुलाला ते नाव कोणाचे हे कळत नाही. त्यापेक्षा रकमेबरोबर एक पान लिहून द्यावे: हा या शाळेत अमुक ते अमुक साली होता, लौजीहून गाडीने येई, गणितात दोनदा नापास झाला, कबड्डीत तालुक्याला गाजला. आणि बक्षीसही पहिल्या येणाऱ्यालाच का द्यावे? कबड्डी खेळणाऱ्याला किंवा रोज सर्वांत लांबून चालत येणाऱ्याला दिले तर ते त्या नावाला शोभेल.

मोबाइलमधल्या आठवणींकडे मात्र लगेच बघावे लागते. वापर थांबून बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मित्राच्या नावाने जतन केलेल्या क्रमांकावर मग अनोळखी चेहऱ्याचा फोटो दिसू शकतो आणि ग्रुपवर एक परका माणूस येऊन बसू शकतो. घरच्यांशी बोलून तो क्रमांक ग्रुपमधून काढावा. त्याआधी मित्राने पाठवलेले जुने फोटो आणि आवाजातले निरोप वेगळे जतन करून एक प्रत घरच्यांना द्यावी. आवाज असलेला निरोप सगळ्यात मोलाचा, कारण कुटुंबाकडे फोटो पुष्कळ असतात आणि रोजच्या साध्या बोलण्याचा आवाज क्वचितच असतो.

पुढच्या मेळाव्याची तयारी करणाऱ्यांनी एवढे एक काम जरूर करावे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण त्यात लिहिलेले असते, आणि ते दप्तर शाळेला कायम जपावे लागते. दहावीच्या फोटोवर थांबू नये. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, आपली तुकडी जिथे पहिलीत बसली त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जावे, त्या वर्षीची सगळी नावे उतरवून घ्यावीत आणि त्यातले कोण आहे, कोण गेले, याची विचारपूस वाड्या-वस्त्यांवर जाऊन करावी.